उसन्या गोळ्या

फोन लावणं हेच माझं काम. नाशिकच्या एका रुग्णालयात रक्ताच्या कॅन्सरवरच्या औषधाचा अभ्यास चालतो. त्यातल्या पेशंटना वेळच्या वेळी फोन करून तब्येत विचारायची, तपासणीला बोलवायचं, कुणी गेलं असेल तर तेही नोंदवायचं. त्या सकाळी मात्र फोन मला आला. द्वारकेच्या सिग्नलला रिक्षात अडकले होते. चुलतभाऊ म्हणाला, "ताई, नाना गेले." कामाच्या सवयीनं माझ्या तोंडून आधी निघालं, "किती वाजता?" रडू नंतर आलं.

नाना माझे धाकटे काका. शहराच्या कडेला झेंडू, शेवंती लावायचे. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. मी बी.एस्सी. झाले तेव्हा नानांनी फूलबाजारात क्रेटवर पेढ्यांचा बॉक्स उघडा ठेवला होता. येईल त्याला पेढा आणि माझी टक्केवारी. त्यांचा आजार निघाल्यावर मीच त्यांना आमच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मी घरचं माणूस, म्हणून अभ्यासाची माहिती द्यायला दुसरा सहकारी बसला, मी दाराबाहेर. सही करून नाना बाहेर आले आणि म्हणाले, "आता पुतणीच रक्त पिणार म्हणायची."

रोजची एक गोळी. पांढऱ्या पेशी खाली आल्या, चेहऱ्यावर तेज आलं. "लय भारी हाय तुमचं औषध," म्हणत पुन्हा वाफ्यात उतरले. मग एका रिपोर्टात पेशी वाढलेल्या दिसल्या. पुढच्यात आणखी. रिपोर्ट उघडताना मी स्क्रीनवर हात धरायचे आणि एकेक ओळ खाली सरकायचे... बाईंनी विचारलं, गोळ्या चुकतात का? नाना म्हणाले, नाय. रिकामी पाकिटं तर ते दर वेळी माझ्याच हातात परत द्यायचे. म्हणजे औषध लागू पडेनासं झालं, असाच अर्थ निघत होता.

परतताना रिक्षात नाना हळूच म्हणाले, "एक दिस माझी, एक दिस तिची."

"कुणाची?"

तपासणीच्या बाकावर हरसूलकडची एक बाई त्यांच्या शेजारी बसायची. आजार तोच, गोळी तीच, पण ती अभ्यासात नव्हती आणि तिची गोळी वेळेवर येत नव्हती. नानांनी आपल्यातली द्यायला सुरुवात केली.

"नाना, ती गोळी आहे. झेंडूची रोपं नाहीत उसनी द्यायला."

"तिची पोरं लहान हायत. अन् ती फेडणारच हाय की. तू मॅडमला सांगू नको, तिला बोलतील."

"सांगणार. नाही सांगितलं तर औषध हरलं असं लिहिलं जाईल, आणि त्यावर विसंबून पुढच्याचं औषध ठरेल."

नाना म्हणाले, "मंग तिचं नाव घेऊ नको."

मी डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्या बाईला बोलावून तिच्या गोळ्यांची सोय लावायची होती, म्हणून नाव तेवढं त्यांच्या कानावर घातलं. इथे लिहीत नाही. तिला कुणी बोललं नाही. नाना त्या दिवसापासून गोळी माझ्या काकूसमोर गिळू लागले. पण तोवर आजार उलटला होता. दुसरं औषध झालं, रक्त चढवून झालं... "गोळ्या चुकल्या म्हणूनच झालं, असं खात्रीनं नाही सांगता येणार," असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी धीर द्यायला म्हटलं असेल, मला त्यानं धीर येत नाही.

अभ्यासात किती जण किती काळ जगले याचा एक आलेख असतो. माणूस गेलं की आलेखाची रेघ एक पायरी उतरते. पायरीवर नाव नसतं. नानांची मला कळते.

आता गोळी घेतली का एवढंच विचारून मी फोन ठेवत नाही. "तुम्हीच घेतली ना?" हेही विचारते. लोक हसतात. एक जण म्हणाला, "मग काय बैलाला चारली का, ताई?" मीही हसते, पण सरळ उत्तर मिळेपर्यंत पुढच्या प्रश्नाला जात नाही.

परवा सुरगाण्याच्या एक आजी काही बोलेचनात. मागे कोंबड्यांचा आवाज येत होता. मी थांबून राहिले, मग विचारलं, "आजी, कुणाला दिली?"