घोंगडीखालचं तळं

हिंगोलीच्या टेसनावर आक्काला सोडायला आमचं अर्धं नरसी गाव आलं होतं, अन् रडायचा मान सगळ्यांनाच पाहिजे होता. मी तिच्यासोबत पाठराखण करायला निघालेलो. आमच्याकडं नवी नवरी सासरी निघाली की घरचं कोणी तरी संगं धाडतात, चार दिवस राहून वापस यायला. धाकटी बहीण तापानं पडली, म्हून माझी वर्णी लागली. डब्याच्या दारात उभं राहून मी एकेकीचं रडणं करून दाखवलं. मावशीचं जात्यावरच्या ओवीसारखं, काकूचं मधीच थांबून गाठोडी तपासणारं. बाया रडता रडता हसल्या. अण्णा, म्हंजे आमचे वडील, तेवढे हसले न्हाईत. खिडकीतून आक्काला म्हणले, "करमलं न्हाई तर निरोप धाड. भादव्यात महालक्ष्म्यांना येऊन घेऊन जातो."

गाडी हलली. चार दिवसांसाठी गेलेला मी अजून हैदराबादेतच आहे. तुमी नरसीत पारावर बसून हे वाचणार, अन् माझ्यासारखे गाव सोडलेले कुठं कुठं वाचणार. दोघांनाबी सांगतो, आक्कासारखी बाई मी दुसरी पाहिली न्हाई.

तिचे मालक, आमचे दाजी, एका गोऱ्या डाक्टराकडं कारकून होते. घर म्हंजे एक खोली अन् एक खिडकी. तीबी आक्का लावूनच ठेवायची. बाहेर सगळी उर्दू. समोरच्या बिल्कीसबी हाक मारायच्या, "अगे दुल्हन, जरा मूं तो दिखाव!" की आक्का माठाआड. मी बिल्कीसबींसारखा कमरेवर हात ठेवून खोलीभर डुलत चालायचो. आक्का कोपऱ्यातून हसायची अन् परत भिंतीकडं तोंड करून बसायची. चार दिवस उलटले, पर तिला अशी टाकून माझा पाय निघंना. नागपंचमीला तिनं गावाकडं जाणाऱ्या एकापाशी निरोप धाडलाच, अण्णा, न्यायला या.

दाजींना कळलं. तेव्हाच डाक्टर विलायतेला निघालेला. त्याची मासे ठेवायची मोठी काचेची पेटी अन् बरणीत चार लाल मासे घेऊन दाजी घरी आले. "जायचं तर जाय," म्हणले, "पर तोवर याचं काही तरी कर. मला यातलं काई येत न्हाई."

दाजी वरून साधे, पर त्यांना पक्कं ठाऊक होतं. महालक्ष्म्यांपुढं आक्का देखावा मांडायची तेव्हा शेजारच्या गावच्या बाया बघायला यायच्या. परातीत डोंगर, शेतं, उगवलेलं गव्हाचं धान. तोच तिचा शौक.

आक्कानं पेटीकडं पाहिलं अन् हात आपोआप चालू झाले. तुळशीसाठी आणलेली गावची काळी माती तिनं तळाला अंथरली. वरून वाळूचा जाड थर. घरी ती हे देवीच्या लुगड्याला माती लागू न्हाई म्हून करायची, इथं त्यानंच पाणी नितळ राहिलं. तलावातून मी उपटून आणलेलं पाणगवत तिनं रोवलं, ठेंगणं पुढं, उंच मागं. "बाया उंबऱ्यातूनच बघतात, दत्त्या. मागच्यानं पुढच्याला झाकलं न्हाई पाहिजे." वाळूवर पत्रावळ ठेवून तिच्यावर पाण्याची बारीक धार सोडली. वाळू जागची हलली न्हाई. परातीतली शेतं कधी हलायची न्हाईत, इथं पानं डुलून राहिली होती. मी काचेला नाक लावून बसलो.

मंग तिनं पेटीवर घोंगडी टाकली.

"काहून?"

"धान सोन्यावानी पिवळं कसं होतंय? टोपलीखाली, अंधारात. अण्णा येईस्तोवर हेबी सोनं होऊ दे."

आमच्या घरात धान असंच व्हायचं, मंग मी कशाला वाद घालतो? माशांना दाणा टाकण्यापुरता कोपरा उचलायचा, बस.

पोळा झाला. घोंगडी काढली तर भपकन वास आला. पानं पिवळी झाली होती खरी, पर बोट लावलं की गळून राहिली. आक्का मटकन खाली बसली. "माझ्या हातानं इथं काई जगत न्हाई. अण्णा आले की मी जाते." दाजी चौकटीला टेकून उभे. त्यांचा चेहरा पाहवत नव्हता.

मला दुसरं काय येतंय? मी माशांची नक्कल केली. डोळे वटारले, मान वर, तोंड उघड-मीट, उघड-मीट.

आक्का हसली अन् मधीच थांबली. "परत कर."

केली.

"तोंड वर काहून करतो?"

"ते वरच येऊन राहिले ना."

ती उठून पेटीपाशी गेली. "अरे, हे खेळत न्हाईत. यांचा जीव कोंडून राहिला." मंग हळूच म्हणली, "धान महालक्ष्म्यांच्या तिसऱ्या दिवशी उपटायचं असतंय, म्हून त्याला अंधार चालतो. याला जगायचंय."

तिनं सडकं सगळं वेचून काढलं, निम्मं पाणी बदललं, हिरवी उरलेली देठं परत रोवली. आमी तिघांनी पेटी सरकवत खिडकीपाशी नेली अन् आक्कानं खिडकी उघडली. समोर बिल्कीसबी भांडी घासत होत्या.

"अगे माँ! पानी में बाग!"

बाई राखेच्या हातानंच आत. मागून आख्खी गल्ली. आक्काला उर्दू येईना, त्यांना मराठी. पर ठेंगणं पुढं अन् उंच मागं, हे हातानं सांगता येतंय. त्या दिवशी ती माठाआड गेली न्हाई.

महालक्ष्म्यांना अण्णा आले. तोवर देठांना कोवळी टोकं फुटली होती. अण्णा पागोटं मांडीवर ठेवून पेटीपुढं लई वेळ बसले. मंग म्हणले, "चल, सामान बांध."

"अण्णा, याला रोज बघावं लागतंय."

"दत्त्या बघंल की."

मी तिथंच जांभई देऊन आडवा झालो अन् घोरायला लागलो. अण्णा हसले. टेसनावरचं राहिलेलं हसू असंल ते. दाजींकडं वळून म्हणले, "दिवाळीला मंग दोघं या. चार दिवस ऱ्हा." पाव्हण्याला सांगतात तसं. आक्कानं पटकन चुलीकडं तोंड केलं, धूर नसताना डोळे पुसले, अन् दाजी उगाच पेटीची काच पुसत बसले.

आता गल्लीत घरोघरी बरण्यांत आक्काची रोपं आहेत. मधी दंग्यांचे वाईट दिवस आले, दारांना कड्या लागल्या. तेव्हाबी बिल्कीसबी माशांसाठी मागच्या दारानं पाण्याची घागर देऊन गेल्या.

मी नरसीला येतो तेव्हा आई पायावर पाणी घालते, गरम भाकरी वाढते, अन् माया भरून विचारते, "कधी निघणार रे?" हैदराबादेत मला हे कोणी विचारत न्हाई. गल्लीच्या तोंडाशी पोचलो की बिल्कीसबी वरडतात, "कां मर गया था रे? मछल्यां भुक्के हैं!" अन् मी पिशवी खांद्यावर तशीच ठेवून आधी दाणा टाकायला पळतो.