पाचवा फ्लास्क

गेल्या महिन्यातला दुसरा शनिवार, सकाळी अकरा. आमच्या कॉलेजची सूक्ष्मजीवशास्त्राची प्रयोगशाळा. हजर: प्राचार्य, मंदाकिनीचे यजमान, तिची थोरली जाऊ, विभागातले चौघे, प्रयोगशाळा सांभाळणारे आश्रुबामामा, तिची विद्यार्थिनी अश्विनी आणि रसायनशास्त्र शिकवणारी मी. याच विभागात शिकवणारी माझी मैत्रीण मंदाकिनी, तिला जाऊन तेरा दिवस झाले होते. शोकसभेत सगळे बोलले. माझी पाळी आली तेव्हा मी घसा बसल्याचं सांगितलं. घसा चांगला होता.

मंदाकिनी नेकनूरहून बसनं यायची आणि आठवड्यातून एकदा तरी काहीतरी बसमध्ये विसरायची. तिच्या डब्याची, चष्म्याची, किल्ल्यांची यादी मीच ठेवायची; आमची मैत्री तिथूनच झाली. प्रयोगाच्या बाबतीत मात्र ती कधी विसरली नाही. माजलगावकडच्या एका गुऱ्हाळावरून तिनं यीस्ट आणलं आणि खारट द्रवाच्या आठ फ्लास्कांत सोडलं. रोज प्रत्येकातला एक थेंब त्याच क्रमांकाच्या ताज्या फ्लास्कात टाकायचा, एवढंच काम, पण सुट्टी नाही. “एवढ्या मिठात त्यांना कावून बुडवायलीस गं?” मी एकदा विचारलं. “बुडवत न्हाई, तरणाऱ्याची वाट बघायले,” ती म्हणाली. पिढ्यांमागून पिढ्या होतात, एखाद्यात आपसूक बदल होतो. बहुतेक बदल बिनकामाचे, पण एखादा उपयोगी पडतो आणि मग त्याचीच प्रजा फ्लास्कभर होते. तिचा प्रश्न पुढचा होता... एकमेकांना कधीच न भेटलेले हे आठ जण तरायला एकच वाट काढतात, की ज्याची त्याची वेगळी? आश्रुबामामा मिठाची पुडी मोजताना म्हणायचे, “मॅडम, त्यापरीस लोणच्याचा धंदा टाका, लई चालंल.” ती त्यांच्यापेक्षा मोठ्यानं हसायची.

तिच्या आईला पाटोद्याच्या दवाखान्यात ठेवलं तेव्हा चार दिवस हे काम माझ्याकडे आलं. “तू हायस म्हणून चालले,” असं म्हणून ती गेली. दुसऱ्या दिवशी वेळ वाचावा म्हणून मी रजिस्टरमध्ये आठही खुणा आधीच करून टाकल्या. चौथा फ्लास्क झाला आणि परीक्षेच्या कामासाठी बोलावणं आलं. परत आले ती थेट सहाव्यापासून सुरू केलं. रजिस्टर पूर्ण दिसत होतं, म्हणून जुने फ्लास्क मामांना धुवायलाही दिले. तिसऱ्या सकाळी सात फ्लास्क वाढलेल्या यीस्टनं गढूळ होते आणि पाचवा विहिरीच्या पाण्यासारखा नितळ; त्यात थेंब पडलाच नव्हता.

मंदाकिनीला फोन करायला हवा होता. दर महिन्याचे नमुने ती गोठवून ठेवायची. त्यातून पाचवा पुन्हा सुरू झाला असता, फक्त तीन आठवडे मागे पडला असता. पण तिची आई आजारी, आणि मी चुकले हे सांगायचं... मी तिसऱ्या फ्लास्कातला थेंब पाचव्यात टाकला. काम निभावलं असं मला वाटलं होतं.

दीड महिन्यानं तिसऱ्या आणि पाचव्या फ्लास्काच्या तळाशी सारख्याच गुठळ्या दिसायला लागल्या. इतर सहांत काही नाही. मंदाकिनी धावत माझ्या वर्गाच्या दारात आली. “शैला, दोघांनी एकच वाट काढली बघ!” मग लगेच आवाज उतरवून, “खरं सांग, त्या चार दिवसांत तीनाचा थेंब पाचात गेला न्हाई ना?”

“रजिस्टर बघ की,” मी म्हणाले.

तिनं खरंच पाहिलं. आठ खुणा होत्या. “तुझं रजिस्टर हाय म्हणल्यावर संपलंच,” म्हणाली. पुढची दोन वर्षं तिनं त्या दोन फ्लास्कांवर घालवली. त्या दोन वर्षांत आम्ही रोज एकत्र डबा खाल्ला. मी सांगितलं नाही. मग एका दुपारी झटका आला आणि संध्याकाळपर्यंत ती गेली.

सभेनंतर अश्विनी माझ्याजवळ आली. आईवडील ऊसतोडीला जाणारे. घरातली शिकलेली ही पहिलीच, आणि त्या दोन फ्लास्कांवरचा हा तिचा पहिलाच शोधनिबंध. “मॅडम, मोठ्या मॅडमचं नाव आधी, मग माझं. पुढच्या महिनाअखेरीला पाठवायले. काटेकोर नोंदींसाठी तुमचे आभार मानलेत, चालंल ना?” मी मान हलवली. आज, इतक्या आठवड्यांनी, तीच मान हलवणं मला सर्वांत जास्त बोचतं. पहिल्या वेळी मी घाईत होते असं म्हणता येईल. या वेळी मला वेळच वेळ होता.

काल मी फ्रीजर उघडून पाहिला. माझ्या त्या चार दिवसांच्या आधीची, पाचव्याची खरी नळी तिथं आहे. मंदाकिनीचं तिरपं अक्षर, बर्फानं थोडं पुसट झालेलं. तिथून पुन्हा सुरुवात करता येईल. अश्विनीचे कित्येक महिने जातील, आणि खरा पाचवा कुठल्या वाटेनं जाईल हे कुणीच सांगू शकत नाही. मंदाकिनीला तेच तर जाणून घ्यायचं होतं.

हा मजकूर उद्या कॉलेजच्या अंकाच्या संपादकांकडे छापायला द्यायचा आहे. त्याआधी अश्विनीला फोन करायचा. दोनदा नंबर लावला, रिंग जायच्या आत कापला... अजून तिला सांगितलेलं नाही.