देण्याघेण्यातला खण

दोन नोव्हेंबर. देण्याघेण्याचा डबा आवरायला काढला. ओटीत आलेले ब्लाउजपीस घडी न मोडता त्यात टाकायचे आणि पुढच्या बाईच्या ओटीत घालायचे, हा माझा वर्षानुवर्षांचा खाक्या.

तेवढ्यात वडीगोद्रीहून मोठ्या जाऊबाईंचा फोन आला.

"उद्या जालन्याला येऊन राह्यले. तुझ्या ओटीत खण घातल्ता, तो शिवला का न्हाई?"

"कोणता?"

"आता घ्या! अंजिरी, लाल काठाचा. मायच्या चोळीसाठी आणल्ता, तिचं शिवायचं राहूनच गेलं. आता पोरी खणाचेच कुर्ते घालून राह्यल्या, मंग म्हणलं तू घाल हापिसात. का गावठी वाटला?"

"शिवायला टाकलाय," मी म्हणाले.

गावठीच वाटला होता. आमच्या आया-आज्या खणाचीच चोळी घालायच्या. विणतानाच उमटलेली ती बारीक नक्षी धुऊन धुऊनही जात नसे. पुढे टेरीकॉट आलं आणि खण ओटीपुरता उरला. आता ऑफिसात दर शुक्रवारी कुणाच्या तरी अंगावर खणाचा कुर्ता असतो, पर्स असते. मी त्यांचं कौतुकही करते. जाऊबाईंचा खण मात्र मी संक्रांतीला आमच्या पोळ्यावाल्या बाईंच्या ओटीत घातला होता.

संध्याकाळी जुन्या जालन्यात बाईंच्या घरी गेले. खण परत हवा होता, असं सरळ सांगितलं. त्यांनी नातीचं पोलकं आणलं. दिवाळीत घातलेलं, इस्त्री करून ठेवलेलं.

"साधीच शिलाई हाय ताई, आत्ता उसवून देते." त्यांनी ब्लेड घेतलं. नात दाराशी उभी राहून बघत होती.

एक बाही सुटेपर्यंत मी त्यांना थांबवलं नाही. पोलक्याच्या तुकड्यांचं मी काय करणार होते, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. बाई आपल्या सहज बोलत होत्या, "घडीत तुमची ओटी भरली तवाचे गहू तसेच होते ताई. टाकवले न्हाईत. दळणात घातले."

म्हणजे मी घडी उघडलीच नव्हती, हे त्यांना संक्रांतीपासून माहीत होतं.

"राहू द्या," मी म्हणाले. बाही त्यांच्या हातातून घेतली, सुईदोरा मागितला आणि तिथेच बसून जोडली. टाके वाकडे पडले. नातीने पोलकं घेतलं आणि आत पळाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊबाईंना आणायला स्टँडवर गेले. त्या एसटीतून उतरल्या, पिशवी माझ्या हातात दिली, आणि त्यांनी काही विचारायच्या आधीच मी त्यांना खण कुणाला दिला ते सांगितलं. गव्हाचंही सांगितलं.