नवसागराचा धूर

माझी चार वर्षांची लेक कुंदा आमच्याच अंगणात, मी सकाळी स्वतःच्या हातांनी लिंपलेल्या ढोलीत गाढ झोपलेली असताना, तिला नरबळीसाठी कुणी पळवून नेलं अशी माझी पक्की समजूत झाली आणि मी सारं गाव गोळा केलं. ढोली म्हणजे काही डबी नव्हे. माणूस उभा मावेल एवढी, बांबूच्या कामट्यांची, धान साठवायची. नवं धान यायच्या आधी ती आडवी पाडून शेणामातीनं लिंपतात. त्या आडव्या ढोलीच्या काळोख्या तोंडासमोरून त्या संध्याकाळी मी किती वेळा धावले असेन, तेवढा व्यायाम आयुष्यात पुन्हा केला नाही. आत एकदाही डोकावले नाही. गावातली मी एकटी मॅट्रिक झालेली सून, भंडाऱ्याच्या शाळेत निबंधाला बक्षीस मिळवलेली. माझ्या बुद्धीला अंगणातलं काही सुचेल कसं? तिला एकदम धरण सुचलं.

आश्विन सरत आला होता. हलक्या धानाच्या लोंब्या पिवळ्या पडून वाकल्या होत्या, आणि बांध्यांवरून येणाऱ्या वाऱ्यात कोवळ्या दाण्यांचा दुधाळ, किंचित आंबूस वास होता. त्या वासाला छेद देत दरवर्षी याच सुमारास एक दुसरा वास गावात शिरे, नवसागराचा: नाकात झोंबणारा, डोळ्यांत पाणी आणणारा, तरीही हवाहवासा. तो आला की बाया समजत, कल्हईवाले कासमभाई आले. चिंचेखाली जमिनीत खड्डा करून ते भट्टी पेटवत, भाता हलू लागे, आणि वर्षभर काळवंडलेली पितळी भांडी निखाऱ्यांवर लाल होऊन फिरू लागत. नवसागराची चिमूट, कथलाचा ओझरता स्पर्श, कापसाच्या बोळ्याचा एक सफाईदार फेर, आणि पांढऱ्या धुराच्या ढगातून भांडं असं उजळून निघे, जणू आत चंद्र सांडला आहे. माझ्या लग्नाच्याही आधीपासून ते येत. सासूबाईंना बहीण मानत, म्हणून मला सूनबाई म्हणत. "सूनबाई, मांगं सरका जी, ठिनगी उडते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पोरांचा घोळका भट्टीभोवती बसे, आणि ते जमिनीवर सांडलेला कथलाचा थेंब गार झाला की उचलून कुणाच्या तरी तळहातावर ठेवत. पोरांना तो चांदीचा वाटे.

पण त्या वर्षी हवेत आणखी एक गोष्ट होती, आणि तिला वास नव्हता. तिकडे गोसीखुर्दला वैनगंगेवर मोठं धरण होणार, अशी बोलणी चालू होती. गावं उठणार, जमिनी जाणार. खरी भीती मोठी असली की माणसं तिच्या शेजारी एक खोटी भीती उभी करत असावीत, हातात धरता येईल एवढी. पाणवठ्यावर बाया कुजबुजत, "पाया बसत नाही म्हनते धरनाचा. लेकराचं मुंडकं लागते." कुणाला तुमसरवाल्यानं सांगितलेलं, कुणाला साकोलीच्या बसमध्ये कळलेलं. मी हसत असे. शिकलेली ना मी! हसत असे, आणि कुंदाला दाराबाहेर सोडताना माझी नजर मात्र वेशीपर्यंत जाऊन येत असे.

त्या दिवशी ऊन उतरताना कुंदा दिसेना. घरात नाही, गोठ्यात नाही, शेजारी नाही. घरधनी अजून शेतावर. आधी मी तिला नेहमीच्या आवाजात हाक मारली, मग रागानं, मग अशा एका आवाजात, जो माझा आहे हे मला तोपर्यंत ठाऊकच नव्हतं. संध्याकाळचा तो केशरी उजेड, ज्यावर मी शाळेत निबंध लिहिला होता, एखाद्या आजारासारखा पिवळा दिसू लागला. बाया जमल्या. "शेवटी कुठं पायली व पोरीले?" कुणीतरी विचारलं. आणि मी म्हणाले, "कल्हईवाल्याजवळ होती."

वाक्य खरं होतं. दुपारी ती तिथं होतीच. तळहातावर कथलाचा थेंब घेऊन नाचत घरी आली होती. हे पुढचं मात्र मी विसरले, किंवा भीतीनं विसरायला लावलं. माझं ते खरं वाक्य अंगणातून निघालं आणि गल्लीच्या टोकाशी पोचेतो त्याचं लग्न लागून त्याला पोरं झाली. जवळ होती. त्याच्यासंगं गेली. पोत्यात कोंबताना पायली. पाहणारी कोण, हे कुणी विचारलं नाही. पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःला बजावत राहिले की मी खोटं बोललेच नाही. माझ्याइतकं खरं त्या दिवशी गावात कुणी बोललं नव्हतं, आणि सगळं पेटलं ते त्याच ठिणगीनं.

कासमभाई भट्टी विझवून सामान भरत होते. गर्दी गेली ती सरळ त्यांच्या पोत्यावर. कापूस निघाला, नवसागराची पुडी, कथलाच्या कांड्या, चिंध्या. आणि चिंध्यांखालून एक छोटासा गुलाबी फ्रॉक. मग पाटलांचा आवाज आला, "हे कोनाचं होय बे?"

"नातीचं हाये जी, पाटील. तुमसरच्या बजारातून घेतलो."

"आता नातीचंच म्हनन ना तो!" गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

मी तिथं पोचले होते. तो फ्रॉक कुंदाचा नव्हता. मला दिसत होतं, नवाकोरा, घडीही न मोडलेला. सगळ्यांची मान माझ्याकडे वळली होती आणि माझ्या एका शब्दानं ते तिथंच थांबलं असतं. पण माझ्या सुशिक्षित डोक्यात काय यावं? हा कुंदाचा नाही, म्हणजे आणखी कुणाच्या तरी लेकराचा असणार. मी गप्प राहिले. पहिला हात कुणाचा पडला ते मला दिसलं नाही. गर्दीचा पहिला हात कधी कुणाला दिसत नाही. कासमभाई ओरडलेही नाहीत. डोक्यावर दोन्ही हात घेऊन ते माझ्याकडे पाहत होते, मी आत्ता काहीतरी बोलेन या खात्रीनं. त्यांच्यामागे चिंचेखाली गावाची भांडी ओळीनं मांडलेली, झगझगीत, आणि प्रत्येकात मावळतीचा एकेक तुकडा.

तेवढ्यात सासूबाईंची आरोळी आली. दिवा घेऊन त्या ढोलीत डोकावल्या होत्या. कुंदा अंगभर शेणमाती माखून, मूठ घट्ट मिटून बाहेर निघाली. थोरल्या भावानं कथलाचा थेंब घेऊ नये म्हणून ती त्यासकट लपली होती आणि लपता लपता झोपली होती. सासूबाईंनी माझ्याकडे नखशिखांत पाहिलं. "सूनबाई, ढोलीसंगं डोळे बी लिंपून टाकले का वो?"

लोक हसले. सुटकेचं हसू होतं ते, आणि त्या हसण्यात सगळं वाहून गेल्यासारखं झालं. कुणी कासमभाईंसाठी चहा सांगितला. त्यांनी घेतला नाही. फ्रॉक उचलला, झटकला, त्यावरचा पायाचा ठसा गेला नाही, तसाच पोत्यात ठेवला आणि अंधार पडायच्या आत ते वेशीबाहेर गेले. मागून पाटील म्हणाले, "आपन कायले मनाले लावून घ्याचं? लेकराच्या जिवाचा सवाल होता. अन् फराक तं होताच ना पोत्यात?" सगळ्यांनी माना हलवल्या. मीही.

पुढच्या आश्विनात नवसागराचा वास आला नाही. येईल, येईल म्हणत दिवाळी गेली. पितळेवरची कल्हई झिजली, ताक कळकू लागलं, चिंच घातलेल्या वरणाला हिरवट कडू चव येऊ लागली, आणि घराघरांत जेवताना माणसं तोंड वेडंवाकडं करून गप्प बसू लागली. कासमभाई आता साकोलीला बसतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण बोलवायला जायचं म्हणजे काहीतरी बोलावं लागणार. त्यापेक्षा गावानं एकेक करून स्टीलची भांडी आणली. आमच्या गावात स्टील आलं ते प्रगतीमुळे आलं असं माझा मुलगा समजतो; त्याला समजू दे. 'कुंदा ढोलीत सापडली' हा मात्र गावाचा लाडका किस्सा झाला. दर दिवाळीला कुणीतरी तो सांगे, माझ्या धावण्याची नक्कल होई, मीही पदर तोंडाला लावून हसे. फक्त त्या किश्श्यात कल्हईवाला नसे. तो कधी गळाला, कुणालाच कळलं नाही.

माझ्या आईनं दिलेला भंडाऱ्याचा एक पितळी गंज, म्हणजे उभट पातेलं, मी मोडीत घातला नव्हता. कुंदा शाळेत जाऊ लागल्यावर एका पांढऱ्या, धुक्याच्या सकाळी मी तो गंज आणि तिला घेऊन साकोलीच्या बसमध्ये बसले. तिला मुद्दाम नेलं. पाहा, माझी लेक मी निःशंकपणे तुमच्यापाशी आणली आहे, असं तिच्या रूपानं मला म्हणायचं होतं. स्वतःच्या या कल्पनेवर मी बेहद्द खूश होते. वाटभर मनात वाक्यं घोटत होते. 'झाल्या प्रकाराबद्दल मला अत्यंत खेद वाटतो,' असलं काहीतरी. त्याला पुन्हा निबंधाचं बक्षीस मिळालं असतं.

धूर आधी दिसला, मग ते. खूप वाळले होते. त्यांनी मला ओळखलं, गंज हातात घेतला, बोटानं आतून चाचपला. घोटलेली वाक्यं बाजूलाच राहिली आणि माझ्या तोंडातून निघालं, "काय घेता कल्हईचं?" त्यांनी आकडा सांगितला. आणि मी, देवा, त्यात घासाघीस केली.

भाता हलू लागला. गंज लाल झाला, धुराचा तो ओळखीचा ढग उठला, आणि कुंदा मोहिनी पडल्यासारखी पुढे सरकली, पार त्यांच्या गुडघ्याशी. जमिनीवर कथलाचा एक थेंब सांडून गार होत होता. तिनं तळहात पुढे केला. कासमभाईंचा हात त्या थेंबाकडे गेला, मध्येच थांबला, मागे आला. ते बसल्या जागी इंचभर मागे सरकले. मग त्यांनी मान वर केली. आधी चहाच्या टपरीकडे पाहिलं, मग बसथांब्याकडे, मग रस्त्यापलीकडच्या दुकानाकडे. गंज पाण्यात बुडवला, फडक्यानं पुसला आणि माझ्या हातात नव्हे, माझ्या पायांशी जमिनीवर ठेवला. त्यांचा आवाज हलका होता, रागाचा लवलेश नसलेला, आणि ते मला सूनबाई म्हणाले नाहीत.

"बाई, गंज कवाबी आना, पन पोरीले संगं नोका आनत जाऊ. लेकरू जवळ आलं का मी अजून बी पयले पायतो, कोन कोन पाहून राहिले."