चार हातांचं पुस्तक

खून, दरोडे, दंगली हे सगळं नोकरीत पाहिलं आणि त्यातलं बरंचसं विसरूनही गेलो. एका पुस्तकाची चोरी मात्र डोक्यातून जात नाही. तसा गुन्हा किरकोळ होता. तेव्हा मी लातूरच्या एका पोलीस ठाण्यात सहायक निरीक्षक होतो.

सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती. पांढरं धोतर, कपाळावर भस्माचे पट्टे, वय सत्तरीच्या पुढचं, असे एक गृहस्थ ठाणे अंमलदारासमोर येऊन बसले. कापडाचे जुने व्यापारी. बायको वारलेली, मूलबाळ नाही, दुकान पुतण्याला देऊन मोकळे झालेले. गल्लीत त्यांना आप्पा म्हणत.

“पुस्तक चोरीला गेलंय,” ते म्हणाले.

“वाचनालयाचं हाय का?” अंमलदारानं विचारलं.

आप्पा रागावले नाहीत. समजावून सांगू लागले. काही चित्रकार म्हणे चित्राऐवजी पुस्तकच घडवतात. कागद, शिलाई, घडी, सगळं आपल्या मनानं. मोजक्याच प्रती काढतात आणि प्रत्येकीवर पेन्सिलीनं नंबर घालून सही करतात. त्यातली एकही नक्कल नसते, सगळ्या अस्सल. आप्पांच्या पुस्तकाच्या अशा पंधरा प्रती होत्या आणि त्यांच्याकडची नववी.

“मग राहिलेल्या चौदातली एखादी घ्या की.”

“त्या चौदा घरांत हायेत. कोण देतंय?”

अंमलदाराची थट्टा लांबायला लागली तसं मी आप्पांना माझ्या खोलीत बोलावलं. संशय कुणावर? कुणावरच नाही. घरी कोण येतं-जातं? “कोणी येत न्हाई, साहेब,” ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले. अज्ञात इसमाविरुद्ध फिर्याद दाखल करून मी पंचनाम्याला निघालो.

कुलूप शाबूत, कडी शाबूत, खिडकीचे गज जागच्या जागी. चोर दारातून आला होता आणि दारातूनच गेला होता. मागच्या खोलीत, जिथं पूर्वी लुगड्यांचे गठ्ठे असायचे, तिथं आता भिंतभर लोखंडी कपाटं होती. एक डबी उघडली तर आत साबणाची वडी आणि तिच्यावर नंबर. दुसरीत मातीची शिट्टी, तीही नंबराची. एक पुस्तक नुसतं खादीचं, अक्षर म्हणून त्यात नाही. पंच म्हणून बोलावलेला हॉटेलवाला माझ्या कानाशी पुटपुटला, “साहेब, याला चोर कशाला लागतोय? भंगारवालाबी घेणार न्हाई.”

आप्पा मात्र एकेक वस्तू दोन्ही हातांनी उचलून दाखवत होते. ही कुणी केली, कशी केली, कुठल्या प्रदर्शनात मिळाली, हे सगळं सांगत होते. ज्याच्याकडे चोरी होते त्याला पोलिसांनी लगेच तपासाला लागावं अशी घाई असते. यांना अजिबात नव्हती. आम्ही जाऊ नये असंच त्यांना वाटत होतं.

खोलीच्या मधोमध एक टेबल होतं आणि समोरासमोर दोन खुर्च्या. दोन्हींच्या गाद्या बसून बसून दबलेल्या. टेबलाच्या खणात पांढऱ्या सुती हातमोज्यांचे दोन जोड. एका जोडाला बोटाशी चुन्याचा डाग.

“आप्पा, तंबाखू खाता?”

“जन्मात न्हाई.”

“मग हे कुणाचे?”

आप्पांनी खण लोटून बंद केला. माझा अनुभव सांगतो की माणूस पोलिसांशी खोटं बोलतो ते बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाला तरी वाचवायला. मी थांबलो. शेवटी ते म्हणाले, “ते तसले न्हाईत, साहेब.”

“तसले म्हणजे कसले? मी अजून काही म्हणालोच नाही.”

मग उलगडा झाला. चोरीला गेलेलं पुस्तक एकट्याला वाचता येत नव्हतं. त्याची पानं दोन्ही बाजूंना उघडायची आणि हात काढला की मिटायची. दोघांनी समोरासमोर बसून आपापली बाजू धरायची. एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तरं. समोरच्याच्या ओळी आपल्याला उलट्या दिसतात, त्यामुळे ज्याच्या त्यानं मोठ्यानं वाचायच्या. चार हात लागायचे त्याला. आप्पांच्या समोर बसायचे ते एसटीतून निवृत्त झालेले वाहतूक नियंत्रक, त्याच गल्लीतले. सगळे त्यांना कंट्रोलर म्हणत. दर गुरुवारी यायचे. सध्या येत नव्हते आणि घराला कुलूप होतं.

“त्यांचं नाव लिहू नका, साहेब. लई वर्षांचं बसणं-उठणं हाय.”

“लिहीत नाही. पण विचारणार.”

पुस्तकाचं वर्णन आम्ही लातूर-नांदेडच्या बाइंडिंगवाल्यांपर्यंत आणि फ्रेमवाल्यांपर्यंत पोहोचवलं होतं. नांदेडच्या आमच्या खबऱ्याचा फोन आला. एक म्हातारा एका बाइंडरकडे विचित्र पुस्तक घेऊन आला होता. त्याला चिमटा बसवून मागत होता, एक बाजू आपोआप उघडी राहील असा. बाइंडरनं कोपऱ्यातला पेन्सिलीचा नऊ पाहिला, काम नाकारलं, पण त्याचा पत्ता विचारून ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी नांदेडला पोहोचलो, स्थानिक ठाण्यात नोंद केली आणि त्यांचा एक शिपाई बरोबर घेतला. नव्या वस्तीतली इमारत, वरचा मजला. दाराला कान लावला. आत दोघं बोलत होते. एकाचा आवाज भारी, दुसऱ्याचा बारीक, नाकातला.

“आज काय पाहिलं?”

“कालचंच.”

“मग कालचं सांग.”

मी बोटांनी खूण केली, दोघं आहेत. शिपाई जिन्यावर थांबला, माझा हवालदार दाराच्या बाजूला. दार वाजवलं. दोन्ही आवाज एकदम बंद. एका उंच म्हाताऱ्यानं दार उघडलं. आम्ही आत घुसलो. न्हाणीघर, गॅलरी, पलंगाखाली, सगळीकडे पाहिलं. दुसरं कोणी नव्हतं. टेबलावर पुस्तक उघडं होतं आणि त्याच्या एका बाजूवर पोळपाट ठेवलेला.

“दुसरा कुठाय?”

“दुसरा कोण, साहेब?”

“आत्ता बोलत होता तो.”

म्हाताऱ्यानं मान खाली घातली. “मीच होतो.”

माझा विश्वास बसला नाही. म्हणालो, दाखवा. कंट्रोलर खुर्चीत बसले, एक प्रश्न वाचला. आयुष्यभर स्टँडवर गाड्या पुकारलेला, घशातून येणारा आवाज. मग पोळपाट उचलून दुसऱ्या बाजूवर ठेवला, टेबलाला वळसा घालून समोरच्या खुर्चीत बसले आणि बारीक आवाजात उत्तर वाचलं. आप्पांचा आवाज हुबेहूब. हवालदाराला हसू यायला लागलं होतं, ते तिथंच थांबलं. 

चौकशीला वेळ लागला नाही. मुलानं त्यांना कायमचं नांदेडला आणलं होतं. मुलगा-सून कामावर, नातू शिकवणीला. दिवसभर घरात हे एकटे. गुडघे गेलेले, बाइंडरकडे नातवाला धरून कसेबसे गेले तेवढेच, एरवी खाली उतरणं नाही.

“मागून घ्यायचं होतं,” मी म्हणालो.

“दिलं नसतं त्यांनी. संग्रह मोडतोय म्हणाले असते. अन् मागायचं म्हंजे सांगावं लागतंय, मी चाललो म्हणून. ते सांगणं झालं न्हाई माझ्यानं. शेवटच्या गुरुवारी ते आत चहा ठेवायला गेले अन् म्या पिशवीत टाकलं. चोरलं, साहेब. लिहा.”

मी लिहिलं. लातूरला परतल्यावर स्टेशन डायरीत नोंद केली: आरोपी अटक, शंभर टक्के मुद्देमाल हस्तगत. वरिष्ठांनी पाठ थोपटली.

आप्पा ठाण्यात आले. पुस्तकाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. कोठडीच्या गजांपाशी गेले. आत कंट्रोलर भिंतीकडे तोंड करून बसले होते.

“फिर्याद मागं घेतो,” आप्पा मला म्हणाले.

मी सांगितलं की राहत्या घरातली चोरी ठाण्यात मिटवता येत नाही. दोषारोपपत्र जाणार, पुढचं कोर्ट पाहील.

“पुस्तक माझं, माणूस माझा. मग मधी तुम्ही कोण?”

“आप्पा, खटला सरकारच्या नावानं चालतो.”

“मग सरकारचं काय चोरलं यांनी?”

त्याला कायद्यात उत्तर आहे. मला ते द्यावंसं वाटलं नाही. त्याच दिवशी कोर्टानं जामीन दिला आणि नेहमीच्या अटी घातल्या. त्यातली एक, आरोपीनं फिर्यादीशी कोणत्याही मार्गानं संपर्क साधू नये. साक्षीदारांना कोणी धमकावू नये म्हणून ही अट असते आणि ती योग्यच आहे. इथं तिनं दोन म्हाताऱ्यांचं बोलणं बंद केलं. पुस्तक सुपूर्दनाम्यावर आप्पांना परत मिळालं.

तारखा पडत गेल्या. साक्ष असल्याशिवाय फिर्यादीला येण्याची गरज नसते, पण आप्पा प्रत्येक तारखेला यायचे. कंट्रोलरला मुलगा गाडीतून आणायचा. एरवी तो बापाला कुठंही जाऊ देत नसे, लाज वाटायची त्याला. कोर्टाच्या व्हरांड्यात एका टोकाला हे बसायचे, दुसऱ्या टोकाला ते. बोलणं नाही, नुसतं बघणं. वकिलानं आप्पांना सांगितलं होतं की उच्च न्यायालयात संमतीनं खटला रद्द करून घेता येईल. आप्पा त्याला होही म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते. मी कारण विचारलं.

“निकाल लागला तर त्यांचा पोरगा त्यांना हिकडं आणणार हाय का, साहेब?”

पुढची तारीख मिळाली की फिर्यादी आणि आरोपी दोघांच्याही चेहऱ्यावर समाधान दिसायचं. असा खटला मी दुसरा पाहिला नाही. पुढं माझी बदली झाली. मधल्या काळात कंट्रोलर नांदेडला वारले आणि ‘आरोपी मयत’ या शेऱ्यावर खटला बंद झाला.

त्यानंतर हाताखालच्या लोकांना मी एक सांगत आलो. घरातल्या चोरीची फिर्याद नोंदवायची तर नोंदवाच, पण आधी फिर्यादीला विचारा, चोर तुमचाच कोणी निघाला तर चालेल का? निम्मे लोक हातातला पेन खाली ठेवतात.

निवृत्तीनंतर मी लातूरलाच राहिलो. माझी मुलंही लांब आहेत. एका दुपारी आप्पांकडे गेलो. फार थकले होते, पण ओळखलं. चहा झाला. मी म्हणालो, “ते पुस्तक काढा की आप्पा. समोरची बाजू मी धरतो.”

ते सावकाश उठले. मग कपाटातून पुस्तक काढून टेबलावर ठेवलं. मी समोरच्या खुर्चीकडे वळलो.

“तिथं नगं,” ते म्हणाले. “हिकडं माझ्या जाग्यावर बसा.”

मी त्यांच्या खुर्चीत बसलो. ते भिंतीचा आधार घेत टेबलाला वळसा घालून गेले आणि कंट्रोलरच्या खुर्चीत बसले. दोघांनी आपापली बाजू धरली. आप्पांनी पहिला प्रश्न वाचला. आवाज भारी होता, घशातून येणारा. तो मी नांदेडच्या त्या खोलीत ऐकला होता. मग माझी पाळी आली आणि मी आप्पांच्या ओळी वाचल्या.