जाड ठेवलेला सांधा

प्रयोगशाळांची काच फुंकून घडवणाऱ्या त्या कारखान्यात काका एकटेच कारागीर उरले होते. पूर्वी काच तापवायच्या ज्योतीपाशी सहा जण बसत. आता काकांचाही दम पुरेनासा झाला होता, आणि वर्षभरात शिकायला कुणी आलं नाही तर टाळं लावीन, असं मालकाने, म्हणजे त्यांच्या पुतण्यानेच, तोंडावर सांगितलं होतं.

पुतण्याने कॉलेजच्या नोकरी मेळाव्यात टेबल मांडलं, पत्रकं ठेवली, पेनं वाटली. मुलांनी पेनं तेवढी नेली. मग काकांनी आपली युक्ती काढली: कॉलेजातली फुटकी काच फुकट जोडून द्यायची आणि खोक्यात चिठ्ठी टाकायची, 'काम शिकायचं असेल तर या.'

चार महिने खोकी गेली नि आली. माणूस एकही नाही. शेवटी काका स्वतःच कॉलेजात गेले. प्रयोगशाळेतला मदतनीस म्हणाला, "जुन्याच्या बदली तुम्ही नवीन देता ना? सगळे खूश आहेत."

घ्या! सांधा दिसू नये म्हणून माणसाने चाळीस वर्षं हात घासले, आणि तो दिसला नाही म्हणून काम झालंय हेच कुणाला कळलं नाही.

पुढच्या काचनळीवरचा सांधा काकांनी मुद्दाम जाड ठेवला. खोकं बंद करताना त्यांना चोरट्यासारखं झालं.

आठवड्याने शेवटच्या वर्षाची एक मुलगी ती नळी घेऊन हजर. "काका, हे कुणी जोडलंय? किती ओबडधोबड."

"मी."

ती ओशाळलीबिशाळली नाही. काकांनी तिला ज्योतीपाशी बसवलं, फुंकायला दिलं. दोन फुगे फुटले, तिसरा एकसारखा गोल आला. हात होता पोरीला.

मग तिने विचारलं, "इथे दिवसभर बोलायचं कुणाशी?"

पुतण्याने पत्रकात 'खेळीमेळीचं वातावरण' छापलंच होतं. पण काकांना खोटं बोलवेना. "तोंडात नळी असते गं. आणि घरी गेल्यावर... सवय होते."

"मला नाही ती सवय लावून घ्यायची," ती म्हणाली. लगेच पुढे म्हणाली, "मैत्रिणीला आणलं तर? दोघी असलो तर येऊ."

पुतण्याने जागा एकच दिली होती.

"दोघी या," काका म्हणाले. त्याच्याशी भांडण उद्या.

ते तिला बसथांब्यापर्यंत सोडायला गेले. मैत्रीण कोण, कुठली, शिकते काय, हे विचारता विचारता आपल्या पहिल्या फुटक्या फुग्यापर्यंत पोचले. बस आली तेव्हाही बोलतच होते. एका दिवसात इतकं बोलायची सवय राहिली नव्हती. परतेपर्यंत घसा बसला.