माझ्या नावावरचा पत्ता

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. वेळ आली नाही असं नव्हे. अनेकदा आली, आणि दर वेळी मी विषय बदलला. आज तुम्हाला सांगते. तुमचं एखादं दुकान असेल, तेलघाणी असेल, शिवणकाम असेल आणि वेबसाइट करून घ्यायचा विचार असेल, तर तुमच्या उपयोगाचंही निघेल कदाचित. पण उपयोगासाठी सांगते असं म्हणणं — ही माझी जुनीच सवय. ते राहू द्या.

माझे बाबा बडनेऱ्याला रेल्वेत फिटर होते आणि सुट्टीच्या दिवशी युनियनची पत्रकं वाटायचे. मी अक्षरं शिकले ती त्या गुलाबी, पिवळ्या कागदांवरून. पत्रक हातात आलं की बाबा आधी तळ बघायचे. "खाली नाव नसन तर फेकून दे," म्हणायचे. "जो नाव लिहायले भेते, त्याचं काय वाचायचं?"

मोठी झाल्यावर मीही पत्रकं लिहू लागले. दलालांवर, अडत्यांवर. माझं एक वाक्य तर बरंच गाजलं — कष्ट तुमचे, माल तुमचा, मग चावी दुसऱ्याच्या खिशात का? पोटासाठी मी अमरावतीत छोट्या व्यावसायिकांच्या वेबसाइट बनवत होते. ही दोन कामं एकमेकांपासून फार लांब आहेत असं मला तेव्हा वाटत नव्हतं. आताही वाटत नाही. अडचण तीच आहे.

सलीमचाचांची शेंदूरजनाघाटला संत्र्याच्या कलमांची रोपवाटिका आहे. या धंद्यात सगळं नावावर चालतं. कलम आज घ्यायचं आणि फळ काही वर्षांनी बघायचं, मग घेणारा विश्वास ठेवणार कशावर? कलम बांधणाऱ्याच्या नावावर. चाचा प्रत्येक कलमाला एक चिठ्ठी बांधतात, पाण्याने न भिजणारी, रोपवाटिकेचं नाव छापलेली. साइट तयार झाली तेव्हा त्यांनी नव्या चिठ्ठ्या छापून घेतल्या आणि नावाखाली साइटचा पत्ता टाकला. मला एक मुद्दाम आणून दाखवली.

काम सुरू करताना त्यांनी एकच प्रश्न विचारला होता.

"बेटा, हे नाव कोनाच्या नावावर राहीन?"

"तुमच्याच, चाचा," मी म्हणाले.

ते माझ्या नावावर होतं. वेबसाइटचा पत्ता कायमचा विकत मिळत नाही. तो ठरावीक मुदतीसाठी मिळतो आणि मुदत संपली की नव्याने घ्यावा लागतो. ज्याच्या नावावर नोंद, ज्याच्या मेलवर सूचना, तो त्या पत्त्याचा मालक. मी नोंदीत माझं नाव टाकलं, माझा मेल टाकला. का? चाचांचा तेव्हा मेल नव्हता, तो उघडून द्यायचा मला कंटाळा आला — सुरुवातीला एवढंच. नंतर बदलता आलं असतं. पण नंतर मला कळून चुकलं होतं की पत्ता माझ्या हातात आहे तोवर हे गिऱ्हाईक कुठे जात नाही. मग मी इतरांचेही पत्ते तसेच घेतले. कंटाळा म्हणून नव्हे.

चाचांची मुलगी नाझिया अकोल्याला शिकून परत आली. तिला साइटवरून कलमांची नोंदणी घ्यायची होती आणि अकोल्यातलाच कुणी ते काम तिला करून देणार होता. तिने मला सरळ विचारलं, "ताई, सगळं आमच्याकडे कसं घ्यायचं?" माझ्याकडे उत्तर होतं, फार अवघडही नव्हतं. मी म्हणाले, यात तांत्रिक भानगडी आहेत, बघते. पुन्हा विचारलं तर पुन्हा म्हणाले, बघते.

मग मुदत संपत आल्याचा मेल आला. माझ्याच मेलवर येणार, आणखी कुठे? मी तो उघडला, वाचला, बंद केला. विसरले असं तुम्हाला सांगता आलं असतं — चाचांनी तेही मानलं असतं. पण मी विसरले नव्हते. मला वाटलं, पडू दे बंद. येतील माझ्याच दारात, कळेल अकोल्याच्या त्या माणसाचं काम. साइट बंद पडली, नाझियाचे फोन आले, मी उचलले नाहीत. मुदत संपल्यावरही काही काळ तो पत्ता सोडवून घेता येतो. तोही मी जाऊ दिला, कारण फोन नाझियाचा नको होता, चाचांचा हवा होता. एवढी साधी, एवढी घाणेरडी गोष्ट होती ती.

मी सोडवायला बसले तेव्हा पत्ता दुसऱ्याच कुणीतरी घेतला होता. तिथे आता रमी-तीनपत्तीचा जुगार चालतो. चाचांच्या रोपवाटिकेच्या नावाने.

चाचा अमरावतीला आले ते लागवडीच्या तोंडावर, सगळी कामं टाकून. वरुडच्या एका बागायतदाराने फोन करून विचारलं होतं म्हणे, "काय चाचा, तुमी जुगाराचा क्लब काढला काय?" सांगताना ते हसले. पाच वेळची नमाज न चुकवणारा माणूस, हसणं फार वेळ टिकलं नाही. म्हणाले, "बेटा, काहून झालं असन असं?"

इथे मी खरं सांगू शकत होते. नुकसान होऊन गेलं होतं. खरं सांगून माझी फक्त मान खाली गेली असती.

मी म्हणाले, "पत्ता तुमच्याच नावावर होता, चाचा. नाझियाने उघडून दिलेल्या मेलवर सूचना आली असेल. तुमच्याकडून बघायची राहिली."

ते म्हणाले, "मंग माह्याच चुकीनं गेलं. मले कुठं समजते यातलं. तुले उगाच तरास देल्ला." घरी जाऊन त्यांनी नाझियाला दटावलं — शिकलेली असून लक्ष नाही ठेवलं म्हणून. तिने तो मेल कितीदा शोधला असेल? जो तिच्याकडे कधी येणारच नव्हता? त्या हंगामात दोघं बापलेक कलमांच्या रांगेत बसून चिठ्ठ्यांवरचा पत्ता काळ्या मार्करने खोडत होती. मी गेले होते तेव्हा पाहिलं. चाचांनी मला चहा पाजला. विकली गेलेली कलमं मात्र शेतकऱ्यांच्या बागांत उभी आहेत, चिठ्ठ्यांसकट.

आणि तरी हे अजून पूर्ण झालेलं नाही.

पुढच्या वर्षी मी छोट्या व्यावसायिकांसाठी एक पत्रक काढलं. वेबसाइट करून घेण्याआधी काय बघावं, याचं. पत्ता स्वतःच्या नावावर घ्या, नोंदीत मेल स्वतःचा द्या, पासवर्ड आधी मागा आणि काम नंतर सोपवा, 'बघते' हे उत्तर मानू नका. सगळं खरं होतं. मला ते इतकं नेमकं कसं ठाऊक, हे कुणी विचारलं नाही. आणि मधे एक उदाहरण होतं — एका रोपवाटिकेच्या मालकाचं. 'त्यांनी दुर्लक्ष केलं आणि पिढ्यांचं नाव गमावलं.' हे वाक्य मी लिहिलं. छापण्याआधी दोनदा वाचलं. चांगलं उतरलंय असं वाटलं मला.

ते पत्रक चाचांनी माझ्याकडून मागून नेलं. रोपवाटिकेत गल्ल्यामागे लावलंय, पाणी उडू नये म्हणून प्लास्टिकमध्ये घालून. येणाऱ्याला बोट ठेवून दाखवतात. "हे माहंच आहे," म्हणतात. "माह्यासारखं करू नका बाप्पा."

अजून तिथेच आहे ते. मधलं उदाहरण त्यांचं आहे, आणि तळाला, बाबांनी शिकवलं तसं, ठळक अक्षरात माझं नाव आहे.